खुनाच्या शिक्षेवरचे अपील : चांदा ते नागपूर

भद्रावती ठाण्याच्या हद्दीत पाच-सहा जणांनी मिळून एखाद्याचा जीव घेतला, तर त्या गुन्ह्याचे कागद पंचनाम्यापासून दोषारोपपत्रापर्यंत वाढत वाढत शेवटी सत्र न्यायालयात पोहोचतात. तिथे जन्मठेप लागली की आरोपीची माणसे न्यायालयाच्या आवारातच वकिलाला विचारतात, ‘साहेब, नागपूरला कधी टाकायचं?’ नागपूरला टाकणे म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील दाखल करणे. हा प्रश्न आता इतका सवयीचा झाला आहे की ही वाट पहिल्यापासूनच होती असे वाटावे. तशी ती नव्हती. ती पडायला शतके लागली, आणि तिच्यातले एक-दोन कठीण टप्पे याच चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मुलुखात घडले. टोळीने केलेल्या खुनात घाव कोणी घातला, त्याला साथ कोणाची होती आणि केवळ गर्दीत सापडला तो कोण, हे वेगळे करावे लागते. अपिलाचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

आपण फार मागून सुरुवात करू. भद्रावतीचे जुने नाव भांदक. रेल्वे स्थानकावर ते अजून आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४चा, म्हणजे इसवी सन ७७२चा ताम्रपट इथे सापडला. विजासनच्या टेकडीतली बौद्ध लेणी, भद्रनागाचे देऊळ आणि जैन मंदिर यांनी या गावाचे वय आपल्यापुढे उघडेच ठेवले आहे. त्या काळच्या न्यायव्यवस्थेचे चित्र धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मिळते. याज्ञवल्क्य स्मृतीने निवाडा करणाऱ्या संस्थांची उतरंड सांगितली आहे : राजाने नेमलेले अधिकारी, त्याखाली पूग (गावकऱ्यांची सभा), त्याखाली श्रेणी (एका व्यवसायाचा संघ) आणि शेवटी कुल (नातलगांची सभा). खालच्याचा निवाडा पटला नाही तर वरच्याकडे जाता येई. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास, विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि ही उतरंड पुढच्या पिढ्यांसाठी पक्की केली. त्याच स्मृतीत आणखी एक नियम आहे, तो मला विशेष वाटतो. निवाडा चुकीचा झाला असेल तर राजाने तो पुन्हा पाहावा, आणि चुकीचा ठरल्यास जिंकलेल्या पक्षासह सभासदांना, म्हणजे निवाडा करणाऱ्यांनाही, दुप्पट दंड करावा. उलट, न्यायाने हरूनही ‘मी हरलोच नाही’ म्हणत पुन्हा आलेल्याला दुप्पट दंड भरावा लागे. फेरतपासणीची कल्पना इथे पूर्ण आकाराला आलेली दिसते. उणीव होती ती दुसरीकडे. मारहाण, खून, दरोडा असल्या ‘साहसा’च्या प्रकरणांत कुल-श्रेणींना हात घालता येत नसे, ती थेट राजाकडे जात, आणि राजाच्या वर कोणी नव्हते. शेताच्या बांधासाठी तीन पायऱ्या चढता येत होत्या. ज्या खटल्यात जीव जाणार, त्यात मात्र पायरी एकच.

मराठेशाहीतही मूळ घडण फारशी बदलली नाही. गोतसभा बसे, महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई, हरलेला पक्ष दुसऱ्या गोताकडे किंवा हुजुरात दाद मागे. पण हे बहुतेक वतनांच्या आणि वाटण्यांच्या तंट्यांत. त्या काळातला टोळीने केलेला सर्वांत गाजलेला खून म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केलेली नारायणराव पेशव्यांची हत्या. सुमेरसिंग, खडगसिंग, महंमद इसफ, तुळाजी पवार ही नावे तिथे पुढे होती, आणि पाठीमागे राघोबादादा. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष थेट दादांवर ठेवला आणि न्यायाधीशपद सोडले, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यात न्यायाधीशाचे धैर्य आहे, तसाच त्या व्यवस्थेचा कोंडमाराही आहे. आरोपीच राज्याच्या शिखरावर असेल तर निवाडा पुढे न्यायचा कोणाकडे? चांद्याचे गोंड राज्य तोवर नागपूरकर भोसल्यांकडे येऊन वीसेक वर्षे झाली होती आणि इथल्या मोठ्या गुन्ह्यांचा शेवटचा शब्द नागपूरच्या राजवाड्यात होता.

पुढचे वळण इंग्रजी अमलात आले, आणि ते टोळीच्या नावानेच आले. नर्मदेच्या खोऱ्यात कंपनीचा अधिकारी स्लीमन याने ठगांचा पाठलाग सुरू केल्यावर कंपनी सरकारला एक अडचण पडली : कोणत्या प्रवाशाला कोणत्या ठगाने मारले हे सिद्ध करणे अवघड होते. १८३६च्या तिसाव्या कायद्याने ती अडचणच काढून टाकली. कायदा होण्यापूर्वी किंवा नंतर, केव्हाही, ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले की जन्मभर सक्तमजुरी. कोणता खून, कोणाचा हात, हे विचारण्याची गरज उरली नाही. टोळीत असणे हाच गुन्हा झाला. त्या कायद्याने रस्ते सुरक्षित झाले असतील, पण माणसाला त्याच्या कृत्यापासून तोडून त्याच्या सोबत्यांवरून ओळखण्याची जी सवय राज्यकर्त्यांना लागली, तिचे पडसाद पुढे दीडशे वर्षे ऐकू येतात.

१८५३च्या डिसेंबरमध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, नागपूर खालसा झाले आणि चांदा जिल्हा डेप्युटी कमिशनरच्या हाती आला. चारच वर्षांनी इथे मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. २९ एप्रिल १८५८ रोजी चुंचगुंडी इथे त्यांच्या माणसांनी तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज ठार केले. सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात त्यांना फाशी देण्यात आले. अटक, चौकशी, शिक्षा आणि अंमल, सगळे सुमारे महिनाभरात. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. ते १८६०मध्ये हाती लागले आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. उठाव एकच, पुढारी दोघे; एकाचा जीव गेला, दुसऱ्याचा वाचला. या फरकामागे पुराव्याचे वजन किती आणि दोन वर्षांत शांत झालेला राग किती, हे तपासायला वरचे न्यायालयच नव्हते. चंद्रपूरच्या कारागृहात ज्या पिंपळाला बाबुरावांना फाशी दिले, त्यापाशी आजही दर २१ ऑक्टोबरला लोक जमतात. शहीद म्हणून त्यांना वंदन करताना ही दुसरी बाजूही लक्षात ठेवावी, असे मला वाटते : या उठावाचे खटले हे या जिल्ह्यातले बहुधा अखेरचे मोठे खटले, ज्यांत अपील ही गोष्टच अस्तित्वात नव्हती.

कारण तीनच वर्षांनी सगळे बदलले. १८६०चा भारतीय दंड संहितेचा कायदा, १८६१चा पंचविसावा, म्हणजे पहिला फौजदारी प्रक्रिया कायदा, आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला जन्मलेला मध्य प्रांत. आता सत्र न्यायाधीशाच्या शिक्षेवर अपील करता येऊ लागले, आणि फाशीची शिक्षा वरच्या न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात आणता येईना. चांद्याचे प्रकरण नागपूरला ज्युडिशियल कमिशनरकडे जाऊ लागले. इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून थांबून सांगतो. खुद्द इंग्लंडमध्ये खुनाच्या शिक्षेवर पुराव्याच्या मुद्द्यांवर अपील करण्याचे रीतसर न्यायालय १९०७पर्यंत नव्हते. ॲडॉल्फ बेक नावाच्या निरपराध माणसाला ओळख पटवण्याच्या चुकीमुळे दोनदा दोषी ठरवले गेले, गदारोळ झाला, तेव्हा कुठे तिथे फौजदारी अपील न्यायालय आले. म्हणजे चांद्याच्या कैद्याला जो हक्क १८६१मध्ये मिळाला, तो लंडनच्या कैद्याला मिळायला आणखी शेहेचाळीस वर्षे जावी लागली. यात सरकारची उदारता शोधू नये. जंगलातल्या जिल्ह्यात एकट्याने न्याय करणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्यांवर सरकारचा पुरता विश्वास नव्हता, आणि त्या अविश्वासातून आपल्याला हा हक्क मिळाला.

टोळीचा प्रश्नही त्याच दशकात न्यायालयापुढे नीट मांडला गेला. १८६६मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात गोराचंद गोपे याचा खटला आला. सर बार्न्स पीकॉक यांनी सांगितले की मारहाणीच्या जागी हजर असलेल्या प्रत्येकाला खुनी ठरवता येणार नाही. सर्वांचा बेत एक होता का, हे पाहावे लागेल. १८७०मध्ये दंड संहितेच्या ३४व्या कलमात दुरुस्ती होऊन ‘सर्वांच्या समान इराद्यास अनुसरून’ या अर्थाचे शब्द घालण्यात आले, त्यामागे हाच विचार होता. शेजारी १४९वे कलम होतेच : पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव, त्याचा समान उद्देश, आणि त्या उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार. तेव्हापासून आजपर्यंत टोळीच्या खुनातले जवळजवळ प्रत्येक अपील या दोन कलमांच्या अंगणातच लढले जाते.

९ जानेवारी १९३६ रोजी नागपूरला स्वतःचे उच्च न्यायालय मिळाले. सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. मेड या वास्तुविशारदाने आखलेली देखणी इमारत १९४०च्या जानेवारीत लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते उघडली गेली. चांद्याच्या अपिलांना भारदस्त घर मिळाले आणि दोनच वर्षांत त्या घराची कसोटी लागावी असा प्रसंग याच जिल्ह्यात घडला.

१६ ऑगस्ट १९४२. नागपंचमी. भद्रावतीहून वरोऱ्यामार्गे गेल्यावर लागणाऱ्या चिमुरात त्या दिवसांत तुकडोजी महाराजांचा चातुर्मास चालू होता आणि ‘चले जाव’चे वारे भजनांतूनही वाहत होते. सकाळच्या फेरीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर गेला. मग जमाव उसळला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि आणखी दोन सरकारी माणसे मारली गेली. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही पोलीस ठाण्यावर जमाव चालून गेला आणि पोलीस ठार झाले. काही दिवसांतच चिमुरात लष्कर आले. घराघरांतून पुरुष उचलले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी झाल्या, गावावर सामुदायिक दंड बसला. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक जयकृष्ण भन्साळींनी केलेले ६३ दिवसांचे उपोषण जानेवारी १९४३मध्ये सुटले.

आपल्या मागोव्यासाठी महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. चिमूर आणि आष्टीचे आरोपी नेहमीच्या सत्र न्यायालयांऐवजी विशेष न्यायालयांपुढे उभे राहिले. ही न्यायालये १९४२च्या दुसऱ्या वटहुकमाने उभी केली होती आणि त्या वटहुकमाने अपिलाची नेहमीची वाट बंद केली होती. मोठी शिक्षा झाली तर सरकारने नेमलेला उच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश कागद पाहणार, आणि त्याचा शब्द अखेरचा. हजारोंचा जमाव, गोंधळाची सकाळ, पोलिसांच्या ताब्यात घेतलेले जबाब. अशा खटल्यात कोणाचा दगड, कोणाची काठी, कोण नुसता पाहत होता, हे वेगळे करायला पूर्ण अपिलाची गरज सर्वांत जास्त, आणि तीच वाट बंद. पुष्कळांना जन्मठेप झाली, अनेकांना फाशी. ४ जून १९४३ रोजी दिल्लीच्या फेडरल कोर्टाने बेनोआरीलाल शर्मा यांच्या प्रकरणात तो वटहुकूमच बेकायदा ठरवला. सरकारने दुसऱ्याच दिवशी नवा वटहुकूम काढला : जुन्या शिक्षा कायम धरल्या, पण त्यांवर नेहमीसारखे अपील करता येईल असे मान्य केले. एका निकालामुळे चोवीस तासांत अपिलाचा दरवाजा पुन्हा उघडला, ही घटना मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. प्रिव्ही कौन्सिलने पुढे फेडरल कोर्टाचा निकाल फिरवला, तरी उघडलेला दरवाजा लोकांनी पाहिला होता.

फाशीच्या कैद्यांसाठी वकील झटले, नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी रान उठवले, गांधीजींनी जाहीरपणे दयेची मागणी केली. कायद्याच्या पायऱ्या संपल्यावर उरतो तो दयेचा अर्ज, आणि १९४५चे पहिले महिने चिमूर-आष्टीच्या घरांनी त्या अर्जावर डोळे लावून काढले. अखेर युद्ध संपले त्या ऑगस्ट महिन्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. बाबुराव शेडमाक्यांना महिन्याभरात संपवणाऱ्या राजवटीला याच जिल्ह्यातल्या माणसांना तीन वर्षे फासावर देता आले नाही. मारल्या गेलेल्या डुंगाजी-सोनवण्यांच्या घरांचे दुःख खरे होते, आणि कोंडून ठेवलेल्या निरपराधांचेही. ही तीन वर्षे म्हणजे न्यायाला लागलेला उशीर, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चिमूरचे जीव त्या वर्षांनी वाचवले.

या काळात नागपूरच्या उच्च न्यायालयात एक न्यायमूर्ती बसत होते, व्हिव्हियन बोस. नागपूरच्या सर बिपिन कृष्ण बोस यांचे हे नातू. इथल्या विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, पुढे नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार १९४९मध्येच संपला होता. आता चांद्याचे अखेरचे अपील दिल्लीला जाणार होते, आणि दिल्लीत नागपूरचा माणूस होता. ३ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी ‘पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य’ या खटल्याचा निकाल लिहिला. शेताकडे निघालेल्या माणसावर पाच जणांनी कुऱ्हाडींनी हल्ला करून त्याचा जीव घेतला होता, आणि फाशीची शिक्षा झालेले तिघे अपिलात आले होते. बोस यांनी सांगितले की एकाच वेळी अनेकांच्या मनात एकच इच्छा असणे वेगळे आणि सर्वांनी मिळून ठरवलेला समान इरादा वेगळा. दोहोंमधली भिंत अगदी पातळ असते, पण ती ओलांडली गेली हे सिद्ध करावेच लागते; नाहीतर ज्याने जितके केले तितक्यालाच तो जबाबदार. एका अपीलकर्त्याची खुनाची शिक्षा रद्द होऊन त्याला गंभीर दुखापतीसाठी दहा वर्षे झाली. दुसऱ्या दोघांचा खुनाचा दोष राहिला, पण फाशी टळली. खालच्या अपिलात न्यायाधीशांमध्येच शिक्षेबद्दल मतभेद झाला असेल तर सहसा फाशी देऊ नये, हाही विचार त्यात आला. आजही सामूहिक हल्ल्याच्या अपिलात वकील उभा राहिला की पांडुरंगचा दाखला येतोच. याज्ञवल्क्यापासून पीकॉकपर्यंत जो प्रश्न तुकड्यातुकड्यांनी आला, त्याला सर्वांत स्वच्छ उत्तर एका नागपूरकराने दिले, याचा विदर्भाने अभिमान बाळगावा.

मात्र १४९व्या कलमापुढे ही भिंत तितकी उपयोगी पडत नाही. १९६४मध्ये उत्तर प्रदेशातल्या मसाल्टीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जमावाचा सभासद असणे सिद्ध झाले तर प्रत्यक्ष घाव घातला नसला तरी जबाबदारी येते. त्याच निकालात एक काटेकोर कसोटीही मान्य झाली : गर्दीच्या गुन्ह्यात एखाद्याचे नाव किमान ठरावीक संख्येच्या साक्षीदारांनी सुसंगतपणे घेतलेले असावे. गटबाजीने पोखरलेल्या गावात एका साक्षीदाराच्या तोंडून शत्रूच्या सगळ्या भावकीची नावे येतात, हे न्यायाधीशांना कळत होते.

दरम्यान १९५६मध्ये प्रांतरचना बदलली, मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि नागपूर मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. १९७३च्या प्रक्रिया संहितेत कलमांचे आकडे बदलले. जुन्या १८९८च्या कायद्यात ३७४वे कलम फाशी कायम करण्याचे होते; नव्यात तोच आकडा अपिलाला मिळाला. अपील केले म्हणजे सुटका होते असे नाही, हे पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने दाखवले. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात व्यावसायिक चित्रकला शिकणाऱ्या तरुणांच्या टोळीने दहा खून केले. सप्टेंबर १९७८मध्ये चौघांना फाशी सुनावली गेली, एप्रिल १९७९मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, नोव्हेंबर १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली. प्रत्येक पायरीवर पुरावा पुन्हा चाळला गेला, आणि तो टिकला.

ज्यांच्याकडे वकील नाही त्यांचे काय, हा प्रश्न १९७८च्या होसकोट निकालाने सोडवायला घेतला. तो खटलाही महाराष्ट्रातलाच, मात्र बनावट पदवीचा. कैद्याला उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेवर मिळाली नव्हती, म्हणून त्याचा अर्ज कित्येक वर्षे उशिरा आला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी बजावले की तुरुंग प्रशासनाने कैद्याला निकालाची प्रत मोफत दिली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर राज्याने तो दिला पाहिजे. कोठडीतून पाठवलेले जेल अपील त्याआधीही होते. त्याला बळ आले ते या निकालाने.

१९९९मध्ये टोळी पुन्हा कायद्याच्या मध्यभागी आली. मुंबईतल्या टोळीयुद्धांवर उतारा म्हणून आलेला महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, आपला मोक्का, राज्यभर लागू झाला. दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे, टोळीचा सभासद असणे, पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीजबाबाला पुरावा मानणे, जामिनाच्या कठोर अटी. आणि विशेष न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील, पण मुदत फक्त ३० दिवसांची. ठगांच्या कायद्याशी याची तुलना सरसकट करणे अन्यायाचे होईल, कारण इथे गुन्हे सिद्ध करावे लागतात आणि अपील आहे. तरी १८३६ची ती जुनी सवय डोके वर काढू शकते, हे न्यायाधीशांनी विसरू नये.

विदर्भाच्या मनावरची सर्वांत खोल जखम मात्र टोळीयुद्धाची नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार केले. सप्टेंबर २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. प्रकरण नागपूर खंडपीठात गेले आणि १४ जुलै २०१० रोजी फाशीच्या जागी २५ वर्षांची सक्तमजुरी आली. शिक्षा उतरली याचे दुःख अनेकांना झाले. मला त्याहून बोचते ते हे की खालच्या न्यायालयाप्रमाणे वरच्यानेही या हत्यांमागची जात मान्य केली नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. अपिलात शिक्षेचा आकडा तपासला गेला. जमाव एकत्र का आला हे मात्र तपासायचे राहून गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि याच्या अगदी उलट टोकाला नाशिकचा तो खटला आहे. जून २००३मध्ये एका गरीब कुटुंबातल्या पाच जणांची हत्या आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा जण धरले गेले आणि २००६मध्ये सर्वांना फाशी झाली. मार्च २००७मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सरकार अपिलात गेले, आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. फेरविचार अर्ज फेटाळला गेला. एरवी गोष्ट तिथेच संपली असती. पण २०१४मध्ये मोहम्मद आरिफ निकालाने फाशीच्या प्रकरणांत फेरविचार अर्जाची खुल्या न्यायालयात सुनावणी अनिवार्य केली होती. त्यामुळे हे प्रकरण पुन्हा उघडले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता, हे न्यायाधीशांनी नमूद केले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे गेली होती. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही दरम्यान निष्पन्न झाले होते. ज्या कुटुंबाची माणसे गेली, त्यांना खरे मारेकरी आजही दाखवले गेलेले नाहीत. चुकीच्या शिक्षेत मृताच्या घराचाही घात होतो, आणि हे ज्याला दिसत नाही त्याने अपिलांना गुन्हेगारांची पळवाट म्हणू नये.

१ जुलै २०२४पासून ब्रिटिशकालीन चौकट बदलली आहे. ३४वे कलम भारतीय न्याय संहितेच्या ३(५)मध्ये गेले, १४९वे कलम १९०मध्ये. संघटित गुन्हेगारीला १११वे कलम मिळाले आणि जात, समुदाय, भाषा यांसारख्या कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला १०३वे कलम वेगळे ओळखू लागले. नागरिक सुरक्षा संहितेत अपील ४१५व्या कलमाखाली येते, फाशी कायम करण्याची तरतूद ४०७व्या आणि अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून जामीन मागण्याची ४३०व्या. आकडे नवे, वाट तीच. म्हणून भद्रावती, वरोरा, चिमूर किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या ज्या घराला तिच्यावरून चालावे लागेल, त्याला हे सांगणे आवश्यक आहे : सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ६० दिवसांची आहे, फाशी असेल तर ३० दिवसांची. निकालाची प्रत कैद्याला मोफत मिळते. कोठडीतला माणूस, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमानुसार मोफत वकिलाला पात्र आहे. अर्ज कारागृह अधीक्षकामार्फत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. त्या अर्जात टोळीचे नाव काय होते हे लिहून भागत नाही. त्या दिवशी आपला माणूस कुठे होता, त्याने काय केले आणि काय केले नाही, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे.